मदत हवी आहे: डबे, लोकल आणि स्वयंपाक यांत बसेल असा व्यायाम

नमस्कार मंडळी. मी डोंबिवलीची, वय ४३, नोकरी फोर्टला. सकाळी डबे भरून पळायचं, संध्याकाळी घरी टेकेपर्यंत आठ वाजतात. त्यामुळे कृपया जिम सुचवू नका. फी भरून तिकडे न फिरकणारी निम्मी सोसायटी आहे आमची!

जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि निदान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम सांगते. चालण्याचं जमतंय, सीएसएमटीहून ऑफिसपर्यंत भरभर जाते. घोडं अडतंय ताकदीच्या व्यायामाशी. सूर्यनमस्कारात मागचा गुडघा फरशीला टेकला की कळ येते. सतरंजी दुमडून घेतली तरी तेच. डॉक्टर म्हणतात झीज नाही, मांड्यांचे स्नायू कमजोर आहेत.

तर गुडघा न टेकवता, पोळ्यांआधी पंधरा मिनिटांत उरकेल असं काय करता येईल? हात न टेकता खुर्चीवरून उठबस करणं पुरेसं आहे, की रबरी पट्टा घ्यावा? व्हिडिओ नकोत, स्वतः केलेलं सांगा. आणि शनिवार-रविवारी पाहुणे आले की सगळं बारगळतं, ते सोमवारी पुन्हा कसं सुरू करता?