ग्रंथालयातली आरएफआयडी: यात पेटंट देण्यासारखं नवं काय होतं?

ग्रंथमित्र: आरएफआयडी म्हणजे रेडिओ लहरींनी वस्तू ओळखणं. पुस्तकांना क्रमांक असलेले छोटे चिप-टॅग लावायचे, हातातला रीडर, म्हणजे टॅग वाचणारं यंत्र, कपाटासमोरून फिरवायचा आणि भलत्या जागी गेलेलं पुस्तक हुडकायचं. हातातल्या रीडरच्या अशा उपयोगांवर थ्री-एम कंपनीला 2001 मध्ये अमेरिकेत पेटंट मिळालं, क्र. 6232870. माझ्या मते ते द्यायलाच नको होतं. टॅग जुने, संगणकावरची देवघेव जुनी आणि कपाटं क्रमाने तपासणं त्याहून जुनं. 2007 मध्ये केएसआर विरुद्ध टेलिफ्लेक्स खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने म्हटलं की, माहितीतले भाग आपलं नेहमीचंच काम करत असतील, तर त्यांची जोडणी बहुधा उघड, म्हणजे सहज सुचणारी आणि म्हणून पेटंटला अपात्र, ठरते. तिथे गाडीच्या पेडलला सेन्सर जोडला होता, इथे पुस्तकाला टॅग.

रेडिओवाला: अजिबात पटलं नाही. 13.56 मेगाहर्ट्झवर, म्हणजे या टॅगच्या रेडिओ वारंवारतेवर, एकाच वेळी बरेच टॅग उत्तर देतात. गोंधळ टाळायला रीडर त्यांना पाळीपाळीने बोलावतो आणि ही पाळी टॅगच्या क्रमांकावरून ठरते, पुस्तक कुठे उभं आहे यावरून नाही. म्हणजे हाती येणारी यादी कपाटाच्या क्रमाने येईलच असं नाही! त्यात पातळ पुस्तकांचे टॅग एकमेकांवर आले की काही वाचलेच जात नाहीत, आणि लोखंडी रॅक असला तर वाचन आणखी बिघडतं. प्रश्न पेटंटच्या अर्जाच्या तारखेचा आहे. आज सोपं दिसतं म्हणून तेव्हाही सोपं होतं, हा पश्चातबुद्धीचा न्याय झाला.

ग्रंथमित्र: सिंगापूरमध्ये 1998 साली बुकित बातोकच्या ग्रंथालयात आरएफआयडी आलीच होती. एकाच सुमारास वेगवेगळ्या लोकांना तेच सुचत असेल, तर ते त्या क्षेत्रातल्या साध्या जाणकाराच्या आवाक्यातलं होतं.

जुना ग्रंथपाल: मी रेडिओवाल्यांच्या बाजूने. भलत्या खणात गेलेलं पुस्तक वाचकाच्या दृष्टीने हरवलेलंच असतं. ते शोधायला आम्ही एकेका कण्यावरचा वर्गांक डोळ्यांनी वाचत जायचो. ग्रॅहॅम विरुद्ध जॉन डिअर, 1966, या त्याच न्यायालयाच्या निकालाने दीर्घकाळ न भागलेली गरज आणि इतरांचं अपयश हेही युक्ती उघड नसल्याच्या पुराव्यात धरलंय. ही गरज तर किती वर्षांची!

ग्रंथमित्र: गरज मान्य. पण ती भागली स्वस्त झालेल्या टॅगमुळे की पेटंटच्या दाव्यात लिहिलेल्या युक्तीमुळे? टॅगमुळे असेल, तर श्रेय पेटंटधारकाचं नाही.

रेडिओवाला: मग अर्जाच्या आधीचा एक तरी कागद दाखवा, ज्यात टॅगची उत्तरं कपाटातल्या क्रमाशी ताडून पाहिली आहेत. टॅग होते आणि कपाटंही होती, एवढ्यावर दावा पडत नाही.