१९७२ च्या दुष्काळावर कादंबरी: गावाला, माणसांना नावं काय द्यावीत?

पाटपाणी: परतूरकडच्या एका गावावर कादंबरी लिहायला घेतलीय. साल १९७२, दुष्काळी कामं चालू आहेत. सध्या गाव 'सोनपूर' आणि नायिका 'मानसी', वय वीस, असं लिहून ठेवलंय. गाव खरं घ्यावं की मनाचं?

बांधावरची बोर: गाव मनाचंच घ्या. खऱ्या गावात पाटील कोण, सावकार कोण हे लोक पहिल्याच प्रकरणात ओळखायला लागतात. पण 'सोनपूर' कुठलंही वाटतं. आपल्याकडं टाकळी, पिंपळगाव, बोरगाव इतकी आहेत की मागंपुढं काहीतरी लावावंच लागतं: खुर्द, बुद्रुक, नाहीतर देवाचं नाव. टाकळी घ्या आणि तिला देव जोडा, जत्रा आपोआप येईल.

मानसी अजिबात नको. तेव्हाची शेतकऱ्याची पोर म्हणजे कौसा, गया, सुभद्रा, पारू. मतदार यादी उघडा, सत्तरीपुढच्या बायकांची नावं वाचत जा. नाव एका ओळीतून घ्या, आडनाव दुसऱ्या, म्हणजे कुणा जित्या माणसाला त्रास नाही. आधीची लेकरं दगावली की पुढच्याला कचरू, दगडू म्हणायचे. असा एक कचरू कथेत असू द्या, त्याच्या आईबद्दल फार लिहावं लागणार नाही.

आणि एक कराच. सासरी कौसाला कुणी नावानं हाक मारत नाही. ती अमक्याची माय, नाहीतर माहेरच्या गावाची. पण खडी फोडायच्या कामावर हजेरी घेणारा कारकून तिचं नाव नवऱ्याच्या नावासकट मोठ्यानं पुकारणार, सासऱ्यादेखत. हा प्रसंग सोडू नका, मला तर कादंबरी तिथूनच सुरू व्हावीशी वाटते.

जुना नकाशा: परतूर आता ज्यात आहे तो जालना जिल्हा झाला १ मे १९८१ ला. तुमच्या कथेच्या वेळी परतूर परभणी जिल्ह्यात होतं, जालना आणि अंबड औरंगाबादेत. कलेक्टरची जीप परभणीहून येऊ द्या.

पाटपाणी: कौसा पक्की. टाकळीला म्हसोबा जोडला तर? गोष्ट शिवेच्या भांडणाची आहे.

बांधावरची बोर: मग म्हसोबाच हवा, तो शिवेवरचाच देव. लोकांच्या तोंडी 'म्हसोबाची टाकळी', तलाठ्याच्या दप्तरात 'टाकळी बुद्रुक'. दोन्ही वापरा, कोण कुठलं नाव घेतो ते ठरवून.