डीलर मीट कॅसिनो हॉटेलात कशाला?

अंबडकर: काल इथे एकाने लिहिलं, 'नाशिकच्या हॉलात डीलर मीट, म्हणजे कंपनीचा माल विकणाऱ्या दुकानदारांचा मेळावा, नुसता कंटाळा. गोव्याला कॅसिनोवाल्या हॉटेलात न्या, माणसं आपसूक येतात.' येतात हो, पण मीटिंगला नाही. आमची मीट पणजीत झाली, ३२ डीलर. रात्री सगळे मांडवी नदीतल्या कॅसिनोच्या बोटीवर. सकाळी ९ ला नव्या पंपाचं प्रेझेंटेशन, तर हॉलात मी, प्रोजेक्टरवाला आणि सात जण. त्यातला सिन्नरचा डीलर चहाचा कप हातात धरून माझ्याकडे उसने पैसे मागत होता. कंपनीला द्यायला आणलेली रक्कम रात्री हरला. कप थरथरत होता, चहा बशीत सांडत होता.

सातपूरचा सेल्सवाला: पोस्ट माझीच. तो हरला यात हॉटेलचा काय दोष? खोल्या, हॉल, जेवण सगळं एका छताखाली मिळतं. इथे लग्नसराईत लॉन मिळत नाही, आणि मिळालं तरी डीलर जेवून ४ ला घरी. महाराष्ट्रात कॅसिनोला परवानगी देणारा १९७६ चा कायदा कधी लागूच झाला नाही, २०२३ मध्ये रद्द केला. मग गोव्याशिवाय कुठे जायचं?

एचआरवाली: आमच्याकडे डिप्लोमा करून लागलेली १९-२० वर्षांची पोरं आहेत. गोव्यात कॅसिनोत २१ च्या आत प्रवेश नाही. ती खोलीत टीव्ही बघत बसली, ही कसली टीम? वेगळी जागाच हवी तर गंगापूर धरणाकडे वायनऱ्या आहेत.

अंबडकर: म्हणजे जुगार नको, दारू चालेल!

दिंडोरीचा बागाईतदार: वाईनला दारू म्हणणं थांबवा. जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाईन विकायचं ठरलं, तेव्हाही हेच ओरडलात आणि ते बारगळलं. वाईनची द्राक्षं बारीक, बियांची, खायला कुणी घेत नाही. एका वर्षी वायनरीने माल उचलायला तीन आठवडे लावले. घड वेलीवरच सुकले, औषधांचा खर्चसुद्धा निघाला नाही. आमचं पोट त्यावर आहे.

अंबडकर: माझे वडील पिऊन गेले. बाटलीवर लेबल कुठलं होतं ते मला सांगू नका.

दिंडोरीचा बागाईतदार: वाचून वाईट वाटलं, दादा. पण तो राग माझ्या बागेवर काढू नका.

एचआरवाली: मीटिंगचं बोला ना! फेब्रुवारीत आम्ही वायनरीत गेलो, द्राक्षांचे क्रेट येत होते, टाक्या भरत होत्या. लोकांनी तासभर प्रश्न विचारले. हॉलात मला एकही प्रश्न आला नव्हता. मात्र एक माळकरी डीलर फाटकातूनच परत गेले. मी आधी विचारायला हवं होतं, हे मान्य.

सातपूरचा सेल्सवाला: बरं, अंबडकर, तुमचं एवढं ऐकतो. मीटिंग आधी, कॅसिनो शेवटच्या रात्री. गोवा मात्र सोडणार नाही.

अंबडकर: शेवटच्या रात्रीही माणूस तोच असतो आणि खिशातले पैसेही तेच. सिन्नरचा तो डीलर सहा महिन्यांत आमच्याकडून सुटला, दुकानही गेलं. त्याच्या बायकोचा फोन मी घेतला होता.