रक्तदाबाची पेन्शन : हक्क की हाव?

अपशिंगेकर :
‘निवृत्तीच्या तोंडावर रक्तदाब दाखवून अपंगत्व पेन्शन मागणे म्हणजे सीमेवर पाय गमावलेल्याच्या ताटातला घास पळवणे होय,’ असे एका निवृत्त सुभेदारसाहेबांनी काल येथे लिहिले. ते मनाला इतके लागले, की उत्तर देणे भाग आहे. माझ्या थोरल्या भावाला लेहमध्ये असताना रक्तदाब जडला. वैद्यकीय श्रेणी घसरली तर नायब सुभेदारीची बढती हातची जाईल, या धास्तीने त्याने युनिटच्या डॉक्टरांना काही सांगितले नाही. सुटीवर आला की साताऱ्यात राजवाड्याजवळच्या दुकानातून तीन-तीन महिन्यांच्या गोळ्या घ्यायचा आणि बिस्किटांच्या डब्यात तळाशी ठेवून न्यायचा. बढती मिळाली. निवृत्तीच्या मेडिकल बोर्डात मात्र आजार उघडा पडला आणि ‘सेवेमुळे उद्भवलेला नाही, सेवेने वाढलेलाही नाही’ असा शेरा बसून पेन्शन नाकारली गेली, कारण तेव्हा तो पीस स्टेशनला, म्हणजे सीमेपासून दूरच्या शांत ठिकाणी, होता. ही हाव म्हणायची का?

सुभेदार (निवृत्त), कोरेगाव :
आजार लपवून बढती घ्यायची आणि नंतर त्याच आजाराची पेन्शनही मागायची, याला आमच्या पलटणीत वेगळा शब्द होता. येथे लिहीत नाही. शंभर टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या 30 टक्के मिळतात, म्हणजे वीस टक्क्यांना 6. पण सवलत म्हणून तेच वीस टक्के अपंगत्व पन्नास टक्के धरले की 15 होतात. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने ही सवलत नियमित निवृत्त होणाऱ्यांनाही दिली आणि तेव्हापासून शेवटच्या वर्षी सगळ्यांचे गुडघे एकदम दुखू लागले.

वाईकर :
साहेब, आपण 2014 सांगता आणि 2013 चा धरमवीर सिंग निकाल सोयीने विसरता. भरतीच्या वेळी नोंद नसलेला आजार नंतर झाला, तर तो सेवेमुळे नाही हे सरकारने सिद्ध करायचे, असे तो निकाल सांगतो. जवानाने पुरावे शोधत का फिरायचे?

कराडची लेक :
निकालांचे राहू द्या, एजंटांचे बोला. माझ्या वडिलांचे पहिले आणि दुसरे अपील फेटाळले गेले, तेव्हा ‘मुंबईच्या सशस्त्र दल न्यायाधिकरणातून करून देतो’ म्हणणारा एक गृहस्थ घरी आला आणि थकबाकीचा तिसरा हिस्सा आधीच लिहून घेऊन गेला. थकबाकी बहुधा अर्जाआधीच्या तीन वर्षांचीच मिळते, हे त्याने सांगितले नाही. तोपर्यंत आम्ही सात वर्षे घालवली होती.

सुभेदार (निवृत्त), कोरेगाव :
सैनिक कल्याण कार्यालयात विनामूल्य मार्गदर्शन मिळते. तेथे न जाता एजंटाला चहा पाजला, तर दोष कोणाचा?

कराडची लेक :
तेथे तीन वेळा गेले होते. आपण सुभेदार म्हणून गेलात की खुर्ची मिळते. आईला दारातच उभे ठेवले होते. न विचारता उपदेश करू नये.

वाईकर :
एजंटाविषयी ताई योग्य बोलल्या. आमच्या गल्लीतल्या एकाने तर निकाल लागण्याआधीच ट्रॅक्टरची उचल घेतली. सरकार निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात गेले आणि हप्ते मात्र थांबले नाहीत.

सुभेदार (निवृत्त), कोरेगाव :
ताई, एजंटाबद्दलचे विधान मागे घेत नाही, पण आपल्या आईंना उभे ठेवले हे वाईट झाले. अपशिंगेकर, आपल्याशी मतभेद कायम आहे. तरीही एक सांगतो : लेहच्या काळातली औषधांची बिले असतील तर अपिलाला जोडा. वकील त्यांचा उपयोग करून घेईल. आम्ही हावरे म्हणत राहू, ते वेगळे.

अपशिंगेकर :
हाव म्हणत-म्हणत सल्ला दिलात, त्याबद्दल आभार. भावाला लगेच फोन केला. बॅगेत सापडू नयेत म्हणून बिले तो दुकानाच्या पायरीवरच फाडून टाकायचा.