मदत हवी आहे : इंग्लंडमधल्या खेड्यातल्या चर्चमधली हॅचमेंट कोणाची, हे कसं शोधायचं?

नमस्कार मंडळी,

सफकमधल्या आमच्या खेड्यातल्या चर्चमध्ये एक जुनी हॅचमेंट आहे. पतंगासारखी टोकावर टांगलेली चौकोनी पाटी आणि तिच्यावर रंगवलेलं मयताचं कुलचिन्ह. मोठ्या घरात कोणी वारलं की ही पाटी काही महिने घराच्या दर्शनी भिंतीवर लावायचे, मग चर्चमध्ये आणायचे. अठराव्या शतकात ही चाल चांगलीच रुळली होती. आता पाटीखाली माहितीफलक लावायचाय. मजकूर लिहायचं मी अंगावर घेतलंय, पण नावच सापडत नाही.

पाटीवरून बरंच कळतं. ढालीमागची जमीन (पार्श्वभूमी) आपल्या डावीकडे काळी, उजवीकडे पांढरी आहे. डावी बाजू नवऱ्याची, म्हणजे तो गेला आणि बायको मागे राहिली. ढालीत वर पांढऱ्यावर लाल पंजा आहे, म्हणजे तो बॅरोनेट, वंशपरंपरेने ‘सर’ लावणारा. मधोमध दुसरी छोटी ढाल आहे, म्हणजे बायको माहेरची वारस होती. खाली ‘रेसुर्गाम’, मी पुन्हा उठेन. हे कितीतरी हॅचमेंटवर असतं, त्यामुळे त्यावरून घराणं लागत नाही.

घोडं अडलंय रंगांपाशी. मोठ्या ढालीवर उलट्या व्हीसारखा पट्टा आणि तीन शिंपले आहेत. व्हार्निश इतकं पिवळं पडलंय की जमीन निळी की हिरवी, शिंपले रुपेरी की सोनेरी, सांगता येत नाही. रंगावर रंग नको, धातूवर धातू नको, हा कुलचिन्हांचा नियमही इथे कामाला येत नाही. निळा-हिरवा दोन्ही रंगच आणि सोनं-चांदी दोन्ही धातूच. पाटी उतरवून साफ करायची तर डायोसीसची (बिशपच्या अखत्यारीतल्या चर्च-विभागाची) रीतसर परवानगी लागते, आणि ओल्या फडक्याने पुसायला मी कोणाला देणार नाही. जुना रंग निघून आला तर संपलंच.

कोणी असं काम केलंय का? चिन्हांवरून घराणं शोधायच्या सूचीत रंग नक्की नसताना कसं शोधतात? की उलटं जाऊ, म्हणजे परगण्यातले बॅरोनेट काढून चर्चच्या दफन नोंदवहीशी ताडून बघू? १८१३ पासूनच्या छापील नोंदींत नाव, राहण्याचं ठिकाण, तारीख आणि वय मिळतं, पण पाटी त्याआधीची असेल तर?

छोट्या ढालीवरून बायकोचं माहेर काढता येईल का, हेही सांगा. ती पांढरी बाजू तिची आहे. फलकावर फक्त ‘सर अमुक यांची पत्नी’ असं लिहायला मला मनापासून नको वाटतंय. फोटो पहिल्या प्रतिसादात टाकते.