‘ओव्हरसाइट’: पर्यवेक्षण, देखरेख की निगराणी?

रोजकीर्द: २००८ च्या अमेरिकी बेलआउटवरचा (‘टार्प’, म्हणजे संकटातल्या बँका वगैरेंना सरकारने पैसे पुरवण्याची योजना) लेख मराठीत करतोय. ‘ओव्हरसाइट’ला ‘पर्यवेक्षण’ लिहिलं, तर संपादकांनी खोडून ‘देखरेख’ केलं. शिवाय ‘स्पेशल इन्स्पेक्टर जनरल’ला ‘विशेष महानिरीक्षक’ म्हटलं की वाचकाला पोलीस अधिकारीच वाटणार. काय करावं?

खतावणी: संपादकांचं बरोबर आहे. रिझर्व्ह बँक बँकांवर करते ते पर्यवेक्षण. इथे नजर होती ती मुख्यतः ७०० अब्ज डॉलरचा अधिकार मिळालेल्या अर्थखात्यावर. कोणावर नजर, हे वाक्यात आलंच पाहिजे. आणि ‘ट्रेझरी’चं ‘कोषागार’ करू नका, ते आपल्याकडे जिल्ह्याच्या ठिकाणी असतं.

मोडीवाचक: ‘निगराणी’ घ्या, भारदस्त आहे.

शुद्धपक्ष: फारसी कशाला? ‘अवेक्षण’ म्हणा.

मोडीवाचक: हिशेब, तारीख, रोजकीर्द, सगळे तिकडूनच आलेत. ‘अवेक्षण’ वाचून कोणाला काय कळणार?

खतावणी: एकच शब्द सगळीकडे लावू नका, कामं वेगळी होती. एलिझाबेथ वॉरन यांच्या अध्यक्षतेखालचं, काँग्रेसने (अमेरिकी संसदेने) नेमलेलं पाच जणांचं पॅनेल दरमहा अहवाल काढी, पण साक्षीदाराला समन्स काढायचा अधिकार त्याला नव्हता. तरी फेब्रुवारी २००९ मध्ये त्यांनीच दाखवून दिलं की २५४ अब्ज देऊन सरकारच्या पदरात सुमारे १७६ अब्जांचेच रोखे पडले. ही ‘देखरेख’. विशेष महानिरीक्षक नील बॅरोफ्स्की यांच्या कार्यालयाला समन्सचा आणि फौजदारी तपासाचा अधिकार होता. कलोनियल बँकेने मागितलेले ५५.३ कोटी डॉलर त्या तपासामुळे अडले. तेव्हा ‘महानिरीक्षक’ वाचून पोलीस आठवले तरी फार बिघडत नाही. पुण्यात नोंदणी महानिरीक्षकही आहेतच.

शुद्धपक्ष: मग सरळ ‘लेखापरीक्षण’ का नको?

खतावणी: ते पैसे गेल्यावर होतं. बॅरोफ्स्कींचा आग्रह होता की पैसे कुठे वापरले याचा हिशेब देण्याची अट करारातच घाला. अर्थखात्याने सुरुवातीला ऐकलं नाही. पैसा एकदा तिजोरीत मिसळला की वेगळा दाखवता येत नाही, ही सबब. म्हणून बॅरोफ्स्कींनी साडेतीनशेहून जास्त संस्थांना थेट पत्रं धाडली. उत्तरं आली: कर्जवाटप, जुनी देणी, दुसऱ्या बँकांची खरेदी. म्हणजे सांगता येत होतं!

रोजकीर्द: आपल्याकडचं ‘उपयोगिता प्रमाणपत्र’ तेच ना?

खतावणी: जवळचं, पण ते अनुदानाला लागतं. हे अनुदान नव्हतं, भागभांडवल होतं: पहिली पाच वर्षं ५ टक्के लाभांश, पुढे ९ टक्के, वर वॉरंट. तेव्हा ‘मदत’, ‘अनुदान’ दोन्ही काढा.

मोडीवाचक: ‘वॉरंट’वर टीप हवी, लोक अटक समजतील.

खतावणी: ठरलेल्या भावाने शेअर घ्यायचा हक्क, एवढं पुरे. पहिल्या अकरा बँकांनी ती वॉरंटं सरकारकडून परत विकत घेतली तेव्हा सरकारला पॅनेलच्या अंदाजाच्या ६६ टक्केच किंमत आली.

शुद्धपक्ष: त्याला ‘अधिपत्र’ शब्द आहे.

मोडीवाचक: तेही अटकेचंच!