मॅग्नेटोरेझिस्टिव्ह हेडला दोन बायस कशासाठी?

होकायंत्र: हार्ड डिस्कच्या जुन्या रीड हेडविषयी वाचताना एका ठिकाणी अडलो आहे. परमॅलॉयच्या (लोह-निकेल संमिश्राच्या) पट्टीचा रोध चुंबकीय क्षेत्रानुसार बदलतो, एवढे समजते; परंतु तिला एक बायस (आधीपासून लावलेले स्थिर चुंबकीय क्षेत्र) लांबीच्या दिशेने आणि दुसरा तिच्याशी काटकोनात, असे दोन का द्यावे लागतात? एकाने भागणार नाही का?

ध्रुवतारा: भागणार नाही, कारण दुखणी दोन आहेत. रोध हा पट्टीचे चुंबकन (तिच्या चुंबकत्वाची दिशा) आणि विद्युतधारा यांमधील कोनाच्या कोसाइनच्या वर्गानुसार बदलतो. कोन शून्य असताना वक्राचा माथा सपाट असतो; त्यामुळे डिस्ककडून येणारे क्षेत्र वर असो वा खाली, रोध कमीच होतो आणि दिशा ओळखता येत नाही. चुंबकन आधीच सुमारे ४५ अंशांनी कलवून ठेवले, तर आपण वक्राच्या जवळजवळ सरळ उतारावर येतो. हे काम काटकोनातील बायसचे. त्यासाठी शेजारी मऊ (सहज चुंबकित होणारा) चुंबकीय थर ठेवण्याची युक्ती मला फार देखणी वाटते: पट्टीतील धारेच्याच क्षेत्राने तो थर चुंबकित होतो आणि त्याचे क्षेत्र परत पट्टीला कलवते. हा कल चुकला की धन आणि ऋण स्पंदांची उंची असमान दिसू लागते.

लोहचूर्ण: लांबीच्या दिशेचा बायस गोंगाटासाठी असतो. पट्टीत अनेक डोमेन (एकेका दिशेने चुंबकित झालेले छोटे भाग) तयार झाली, तर त्यांच्या भिंती अडखळत सरकतात आणि रोधात उड्या दिसतात; हाच बार्कहाउझेन गोंगाट. पट्टीच्या दोन्ही टोकांना कोबाल्टच्या संमिश्राचे कायमचुंबक भिडवून ती एकाच डोमेनमध्ये ठेवतात. मात्र चुंबक जास्त प्रबळ झाला, तर टोकांजवळचे चुंबकन ताठरते आणि संवेदनक्षमता घटते; ट्रॅक जितका अरुंद, तितका हा तोटा मोठा. माझ्या मते खरी कसोटी येथेच लागते. ४५ अंशांचे गणित त्यामानाने सोपे आहे.

होकायंत्र: आभार. स्पिन व्हॉल्व्ह या नंतरच्या, अनेक थरांच्या रीड हेडमध्येही ४५ अंशच लागतात का?

ध्रुवतारा: नाही. तेथे रोध जखडलेला थर (चुंबकन स्थिर असलेला) आणि मुक्त थर (चुंबकन डिस्कच्या क्षेत्राने फिरणारा) यांच्या चुंबकनांमधील कोनाच्या कोसाइनवर अवलंबून असतो, वर्गावर नव्हे. म्हणून ते ९० अंशांवर ठेवतात. त्यासाठी जखडलेल्या थराचे क्षेत्र, धारेचे क्षेत्र आणि थरांमधील युग्मन (चुंबकीय जोड) यांनी मुक्त थरापाशी एकमेकांना निष्प्रभ करावे लागते. टोकांचे चुंबक मात्र तेथेही सुटले नाहीत. पुढे टनेल हेड या त्यानंतरच्या प्रकारात धारा थरांना छेदून वाहू लागल्यावर त्या चुंबकांना विसंवाहक थराने वेगळे करावे लागले, अन्यथा धारेला त्यांच्यातूनच आडवाट मिळाली असती.